आठ तुकड्यांचं मेंदूचं मॉडेल: स्मृती आणि दिशाज्ञान शिकवायला कितपत पुरतं?

शरीररचनेच्या वर्गात सर्रास दिसणारं पीव्हीसीचं मॉडेल मधोमध दोन अर्ध्यांत उघडतं आणि प्रत्येक अर्ध्याचे चार तुकडे निघतात: फ्रंटल (पुढचा) व परायटल (वरचा) लोब म्हणजे विभाग एकत्र, टेम्पोरल (कानाजवळचा) व ऑक्सिपिटल (मागचा) एकत्र, मेंदूस्तंभाचा अर्धा आणि लहान मेंदूचा अर्धा. नर्सिंगच्या किंवा फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला लोब आणि ठळक वळ्या (पृष्ठभागावरचे उंचवटे) ओळखण्यापुरतं ते चोख काम देतं. आठवण कशी घडते आणि रस्ता कसा कळतो, हा धडा घ्यायला बसलं की मात्र ते अडतं.

कारण साधं आहे. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी आणि जागेचा नकाशा घडवणारा भाग, पृष्ठभागावर नसतोच. टेम्पोरल लोबच्या आत व्हेंट्रिकलचं (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीचं) एक शिंग पुढे येतं, त्याच्या तळाशी साधारण 5 सेंमी लांबीचा हा उंचवटा असतो. स्वस्त मॉडेलांत टेम्पोरलचा तुकडा आतून भरीव आणि कापाची बाजू सपाट असते. पोकळीच नाही, तर तळ कुठून दाखवणार? घेण्यापूर्वी हा एकच तुकडा काढून उलटा करून पाहा. शिंग कोरलेलं असेल आणि तळाचा उंचवटा वेगळ्या रंगात असेल तर मॉडेल घ्यायला हरकत नाही. क्रमांकाच्या यादीत हिप्पोकॅम्पस छापलाय म्हणून विश्वास ठेवू नका. कित्येकदा तो क्रमांक बाहेरच्या पॅराहिप्पोकॅम्पल वळीवर चिकटवलेला असतो.

ती वळी मात्र अशा मॉडेलांत बहुधा चांगली उतरते, आणि ती कमी महत्त्वाची नाही. तिच्या पुढच्या टोकाशी, अंकस नावाच्या आकड्यासारख्या उंचवट्याच्या शेजारी, हिप्पोकॅम्पसला माहिती पुरवणारा एन्टोरायनल कॉर्टेक्स आहे. मेंदूसंशोधक मोझर दांपत्याच्या गटाने 2005 मध्ये उंदरांत ग्रिड सेल्स (जागेवर जाळीसारख्या ठरावीक ठिकाणी पेटणाऱ्या पेशी) दाखवल्या त्या याच भागात, आणि अल्झायमरची झीज सहसा सुरू होते तीही इथूनच. पिवळ्या ॲक्रिलिकचा एक ठिपका इथे द्या. दुसरा ठिपका कॉर्पस कॅलोसमच्या (दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या) मागच्या टोकामागे, रेट्रोस्प्लेनियल भागावर. तिथे इजा झालेल्या माणसाला ओळखीची इमारत ओळखू येते, पण तिथून घर कोणत्या दिशेला हे सांगता येत नाही.

फॉर्निक्सबद्दल (हिप्पोकॅम्पसकडून निघणाऱ्या तंतूंच्या जुडग्याबद्दल) विद्यार्थी हमखास तक्रार करतात: मध्यभागाच्या कापावर कॉर्पस कॅलोसमखालून कमानीसारखा येतो आणि पुढे अधांतरीच संपतो. यात मॉडेलची चूक नाही. खऱ्या मेंदूतही तो तिथे हायपोथॅलॅमसच्या भिंतीत शिरून दिसेनासा होतो आणि आतून मॅमिलरी बॉडीपर्यंत (हायपोथॅलॅमसच्या तळाच्या लहान गोळ्यापर्यंत) जातो. तिथून थॅलॅमसच्या (मेंदूच्या मधोमध असलेल्या गाठीच्या) पुढच्या केंद्रकाकडे, मग सिंग्युलेट वळीकडे आणि फिरून हिप्पोकॅम्पसकडे, असं हे चक्र मेंदूशास्त्रज्ञ पेपेझने 1937 मध्ये मांडलं. त्याने ते भावनांसाठी मांडलं होतं. पुढे ते स्मृतीचं चक्र म्हणून जास्त टिकलं. मॉडेलवर ते लोकरीच्या धाग्याने दाखवता येतं. लाल धागा टेम्पोरल तुकड्याच्या आतल्या बाजूला, मागच्या टोकाशी चिकटवा, फॉर्निक्सच्या कमानीवरून आणा आणि मॅमिलरी बॉडीवर संपवा. तिथून निळा धागा थॅलॅमसच्या पुढच्या टोकावर न्या. फेव्हिकॉल पीव्हीसीवर धरत नाही, सुकला की पापुद्र्यासारखा सुटतो. रबराचा सोल चिकटवायचा डिंक पातळ लावा. तुकडे सुटे करता यावेत म्हणून सांध्यापाशी धागा कापून दोन्ही टोकांना छोटे हूक लावा.

या दोन धाग्यांवर बरंच शिकवता येतं. थायामिनच्या अभावाने होणाऱ्या कोर्साकॉफ विकारात हिप्पोकॅम्पस बराचसा शाबूत असूनही नव्या आठवणी टिकत नाहीत, कारण मॅमिलरी बॉडी आणि थॅलॅमसमध्येच चक्र तुटतं. निळ्या धाग्याच्या टोकाला थॅलॅमसमध्ये उंदरांच्या डोक्याची दिशा सांगणाऱ्या पेशीही सापडतात.

एक चूक मात्र शिकवणारेच करतात. संशोधक ओ'कीफ आणि दोस्त्रोव्हस्की यांनी 1971 मध्ये प्लेस सेल्स (ठरावीक जागी आल्यावरच पेटणाऱ्या पेशी) नोंदवल्या त्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या वरच्या भागात. माणसात त्याच्याशी जुळणारा भाग म्हणजे मागचं टोक, शेपटी. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या 2000 सालच्या अभ्यासातही मोठा आढळला तो मागचाच भाग. तेव्हा रस्त्यांबद्दल बोलताना अंकसजवळच्या हिप्पोकॅम्पसच्या जाड डोक्यावर बोट ठेवू नये.

प्राणी आणि माणूस यांच्यातला हा फरक कोणत्याही प्लास्टिकपेक्षा मटणाच्या दुकानातला बकऱ्याचा भेजा स्पष्ट दाखवतो. अख्खा, सुऱ्याचा घाव न बसलेला मागून घ्या. बाजारातलं फॉर्मॅलिन 100 मिली आणि पाणी 900 मिली अशा द्रावणात आठ-दहा दिवस बुडवून ठेवा. भांड्याच्या तळाशी कापूस टाका, नाहीतर खालची बाजू चपटी होते. हातमोजे हवेतच, आणि खोली उघडी ठेवा. वरचं आवरण आधी सोलू नका. ताजा भेजा त्याबरोबर फाटतो. घट्ट झाल्यावर पाण्यात धुऊन दोन अर्धगोल हलकेच फाकवा, कॉर्पस कॅलोसम दिसेल. त्याच्या पातळीला आडवा काप घेऊन वरचं छत उचललं की व्हेंट्रिकल उघडतं: पुढे कॉडेट (सवयींशी संबंधित गाठ), मागे वाकलेला पांढुरका हिप्पोकॅम्पस, थॅलॅमसवर पसरलेला. माणसात तोच खाली टेम्पोरल लोबमध्ये ओढला गेलाय. कॉडेटची शेपटीही तिथवर येते, शिंगाच्या छतात. म्हणजे सवयीने डावं-उजवं वळवणारी यंत्रणा छताला आणि मनात नकाशा मांडणारी तळाला, एकाच पोकळीत. शिंग न कोरलेल्या आठ तुकड्यांच्या मॉडेलात यातलं काहीही दिसत नाही.

फक्त लिम्बिक (स्मृती आणि भावनांशी जोडलेल्या) भागांचं, रंगीत कमानींचं वेगळं मॉडेलही मिळतं. हिप्पोकॅम्पस, फॉर्निक्स, मॅमिलरी बॉडी यांचा त्रिमितीतला संबंध त्यात एका नजरेत कळतो, पण भोवतीचा मेंदूच नसल्याने विद्यार्थी त्याची दिशा चुकवतात. दोन्ही घ्यायची ऐपत असेल तर घ्या. एकच घ्यायचं असेल तर कोरलेल्या शिंगाचं आठ तुकड्यांचं घ्या आणि त्याच्या सांध्यातल्या पिना धातूच्या आहेत ना ते बघा. प्लास्टिकच्या पिना सगळ्यात आधी टेम्पोरल तुकड्याच्याच तुटतात, कारण तोच सारखा काढावा लागतो.