पार्किन्सनची घरबसल्या जीन टेस्ट: थुंकी घेतात, बाकी काही विचारत नाहीत (५ पैकी २.५)

बाबांना पार्किन्सन निघाला. सुरुवात थरथरीने झालीच नाही, अक्षर बारीक होत गेलं, ओळ सुरू व्हायची नीट आणि शेवटाला अक्षरं मुंग्यांएवढी, नंतर शर्टाचं एक बटण लावायला पाच मिनिटं. मग मला टेन्शन की हे आपल्यालाही येणार का, म्हणून ही थुंकीवाली टेस्ट मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही, वाद नको.

किट तसं सोपं आहे. आधी अर्धा तास खायचं-प्यायचं नाही, मग नळीत रेघेपर्यंत थुंकायचं, पण फेस धरायचा नाही बरं का! मी फेसासकट रेघ गाठली आणि झाकण लावून मोकळा, सॅम्पल कमी पडलं, परत दुसरं किट, परत थुंकणं. चूक माझीच, पण ती ओळ जरा ठळक छापा ना.

रिपोर्ट आला, हिरवी खूण, 'आढळलं नाही'. एक संध्याकाळ मी हवेत. मग खालचं बारीक वाचलं तर तपासलेत फक्त दोन बदल, एलआरआरके२ जीनमधला जी२०१९एस आणि जीबीएमधला एक. आता हा जी२०१९एस मुख्यतः उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर आणि अश्केनाझी ज्यू लोकांत जास्त सापडतो, बाकी बऱ्याच जगात दुर्मीळच, त्यामुळे माझ्यात नाही यात विशेष ते काय. आणि असता तरी आजार होणारच असं नाही, तो बदल असलेल्या कितीतरी लोकांना जन्मभर काही होत नाही. उलट बहुतेक पेशंटमध्ये बोट ठेवावं असा एक जीन मिळतच नाही.

पण माझी खरी तक्रार प्रश्नावलीची आहे. केस कुरळे का, झोप कशी, सगळं विचारलं, कुठली औषधं फवारलीत का, कसल्या सॉल्व्हंटमध्ये काम केलंय का, डोक्याला मार लागलाय का, एक शब्द नाही. बाबांनी कित्येक वर्षं पाठीवर पंप घेऊन तणनाशक मारलंय, पंप गळायचा, शर्ट पाठीला चिकटलेला असायचा आणि हातमोजे वगैरे कोण घालतंय.

२०१२ साली अमेरिकेतल्या फवारणी करणाऱ्या लोकांवरचा एक अभ्यास आला होता. काही जणांच्यात जीएसटीटी१ हा जीनच नसतो, शरीरातलं विष निकामी करायला मदत करणारं एन्झाइम तो बनवतो. पॅराक्वाट हे तणनाशक वापरलेल्यांत हा जीन असणाऱ्यांची पार्किन्सनची जोखीम, न वापरणाऱ्यांच्या मानाने, जेमतेम दीडपट, तीही नक्की म्हणता येणार नाही अशी, आणि नसणाऱ्यांची जवळपास ११ पट! अभ्यासातली माणसं कमी होती हे खरं, त्यामुळे तो ११ चा आकडा काही दगडावरची रेघ नाही, पण मुद्दा कळतो ना, औषध तेच, पंप तोच, अंग वेगळं. आणि नुसतं विषही पुरतं कधीकधी, १९८२ ला कॅलिफोर्नियात भेसळीचा ड्रग टोचून घेतलेली तरुण पोरं काही दिवसांत पार्किन्सनच्या पेशंटसारखी, अगदी पुतळ्यासारखी गोठली होती, त्या ड्रगमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन निघालं. ते मेंदूत गेल्यावर त्याचं जे बनतं ते डोपामिन बनवणाऱ्या पेशींची (पार्किन्सनमध्ये मरतात त्याच या) वीजच तोडतं, रोटेनोन हे कीटकनाशकही मारतं त्याच ठिकाणी.

तर जीएसटीटी१ या रिपोर्टमध्ये नाही, फवारणी प्रश्नावलीत नाही, मग माझी 'जोखीम' नक्की कशाची मोजली यांनी? लहानपणी पंपात पाणी ओतायला मीच असायचो हो. आईवडील किंवा भावंडांत कुणाला असेल तर ही टेस्ट मागवण्याआधी न्यूरोलॉजिस्टला आणि जेनेटिक काउन्सेलरला भेटा, ते निदान काम काय करता हे तरी विचारतात.

अडीच स्टार किटच्या सोपेपणाला आणि रिपोर्ट सांगितलेल्या तारखेला आला त्याला. सपोर्टला हेच सगळं लिहून मेल टाकला होता, दोन दिवसांनी उत्तर आलं, घरातल्या आणखी कुणासाठी किट घेतलंत तर डिस्काउंट देऊ.