फ्रिजच्या रिकाम्या जागेचे ३४,६५० रुपये

मॉड्युलर किचनचं कोटेशन हातात आलं की सगळे आधी दर बघतात. चौरस फुटाला किती लावलेत, शेजाऱ्यांना किती लावले होते. आमच्या कंत्राटदाराचा दर चोख होता, इतरांपेक्षा थोडा कमीच. त्याने हात मारला तो मापात. मोठा फ्रिज बसवण्यासाठी किचनची मांडणी बदलायची असेल, तर मापात खेळायला किती वाव असतो हे मला आता पुरतं ठाऊक झालंय. माणूस फोंडा ते म्हापसा सगळीकडे अजून कामं घेतो, म्हणून हे लिहिते.

आमचा फ्लॅट फोंड्यात, जुन्या बिल्डिंगमधला. किचन लहान, ओटा एल आकाराचा, आणि दाराशेजारी जुना एकदारी फ्रिज. गोव्यात मोठ्या फ्रिजचं कारण कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्याआधी बांगडे नि सुंगटं (कोळंबी) साफ करून फ्रीजरात भरायची. मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. दिराचं कुटुंब येतं, नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सारण, खतखतं या मिश्र भाजीच्या भाज्या, दुधाच्या पिशव्या, सगळं एका फ्रिजात कोंबायचं. शेवटी दोन दारांचा, साइड बाय साइड फ्रिज घ्यायचं ठरलं. रुंदी ९१ सेंटिमीटरच्या आसपास, उंची माणसाहून जास्त. तो दाराशेजारी मावणं शक्यच नव्हतं. ओट्याच्या टोकाला कडप्प्याची मांडणी होती ती काढायची, ओटा थोडा आखूड करायचा, तिथे फ्रिजसाठी उभी जागा सोडायची, आणि त्या निमित्ताने खालची-वरची कपाटंही नवी करायची, असा बेत होता.

कंत्राटदार ओळखीच्यांच्या ओळखीतून आला. बोलायला गोड. "वहिनी, तुम्ही फक्त रंग निवडा, सगळें जातलें." म्हणजे सगळं होईल. लेझरचं माप घेतलं, मोबाइलवर थ्रीडी चित्र दाखवलं. चित्रात फ्रिज इतका ऐटीत उभा होता की सासूबाईंनी लगेच त्यावर गणपतीचा फोटो कुठे लावायचा ते सांगून टाकलं.

कोटेशन होतं ११२ चौरस फुटांचं, दर १,६५० रुपये, एकूण १,८४,८००. प्लाय ‘मरीन, ७१०’, म्हणजे पाण्यात टिकणारा. खाली टीप: माप समोरून दिसणाऱ्या भागाचं. ही टीप साधीच वाटते, आणि या धंद्यात समोरून मोजायची पद्धत सर्रास आहे, त्यात गैर काही नाही. पण समोरून मोजताना त्याने फ्रिजची रिकामी जागाही मोजली होती. तीन फूट रुंद, सात फूट उंच. एकवीस चौरस फूट. म्हणजे जिथे ना फळी, ना शटर, ना बिजागरी, जिथे मी दुकानातून माझ्या पैशाने आणलेला फ्रिज उभा राहणार, त्या हवेचे ३४,६५० रुपये. बरं, त्या जागेच्या दोन बाजूंच्या उभ्या फळ्या फुकट होत्या का? छे. त्या ‘साइड पॅनल’ म्हणून वेगळ्या लावलेल्या. ओट्याचा कोपराही दोन्ही भिंतींच्या मापात धरलेला. विचारलं तर उत्तर तयार: "वहिनी, इंडस्ट्रीत असंच मोजतात." कंत्राटदार ‘इंडस्ट्री’ म्हणायला लागला की कॅल्क्युलेटर हातात घ्यावा.

यावर आम्ही वाद घातला, पण तोवर जुना ओटा फुटला होता. याच क्रमाकडे नीट बघा. आगाऊ पन्नास टक्के घेतल्यावर त्याने सगळ्यात आधी तोडफोड केली. कपाटं अजून वर्कशॉपमध्ये, ग्रॅनाइट अजून ठरायचं, पण ओटा मात्र जमीनदोस्त. चवथ जवळ आलेली, स्वयंपाक बाल्कनीत, सिंकचं पाणी बादलीत. अशा घरातली बाई हिशोबावर भांडायला उभी राहत नाही, तिला आधी चूल हवी असते. हे त्याला चांगलं माहीत होतं. त्यानंतर जी ‘एक्स्ट्रा’ची यादी सुरू झाली ती मापाच्या खटक्यापेक्षा मोठी होती. ज्याच्याकडे काम द्याल त्याला एवढंच सांगा: कपाटं तयार होऊन दारात आल्याशिवाय ओट्याला हातोडा लावायचा नाही.

एक्स्ट्रामधली पहिली मागणी किचनच्या चौकटीची. दार अडीच फुटी, म्हणजे ७६ सेंटिमीटर, आणि फ्रिज ९१. "जाणारच नाही, चौकट फोडून मोठी करावी लागेल," असं म्हणत त्याने गवंड्याला घेऊनच हजेरी लावली. नवऱ्याने फ्रिजच्या कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. तिकडून सांगितलं की बसवायला येणारा माणूस दोन्ही दारं बिजागऱ्यांवरून उतरवतो. दारं उतरली की खोक्याची खोली रुंदीहून बरीच कमी, तो आडवा वळवून, म्हणजे बाजू पुढे करून आत जातो. आणि खरंच गेला. चौकटीला ओरखडाही नाही. दुकानातून निघण्याआधी दारं काढल्यावरची खोली किती भरते ते विचारून ठेवा, आणि लिफ्ट, जिन्याचं वळण, मुख्य दार हेही त्याच मापाने तपासा.

दुसरी मागणी वायरिंगची. मोठ्या फ्रिजला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट हवा, मुख्य बोर्डातून नवी वायर ओढावी लागेल, असं सांगून पैसे घेतले. तेवढं बरोबरच होतं. पुढे आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडलं तेव्हा आतली वायर मिक्सरच्या पॉइंटवरून फिरवलेली निघाली. बोर्डात नवा स्विच होता, त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. यावर जास्त लिहीत नाही. टाइल लावण्याआधी भिंतीतल्या वायरचा फोटो काढून ठेवा, झालं.

खरा घोळ फ्रिजच्या जागेतच झाला. त्याने जागा सोडली बरोबर ३६ इंच, म्हणजे साडेएक्क्याण्णव सेंटिमीटरला किंचित कमी. कॅटलॉगमधली फ्रिजची रुंदी ९१.२. कागदावर बसतो! पण हल्लीच्या बऱ्याच फ्रिजांत उष्णता बाहेर सोडणाऱ्या नळ्या मागे जाळीत नसतात, त्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात. हात लावला तर बाजू कोमट लागते ती त्यामुळे. ती उष्णता बाहेर जायला जागा लागते, नाहीतर कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि वीजबिलात दिसतो. आमच्या मॅन्युअलमध्ये दोन्ही बाजूंना आणि मागे पाच-पाच सेंटिमीटर मोकळे सोडायला सांगितलं होतं, वर त्याहून जास्त. दारांचं तर आणखीच. फ्रिज फळ्यांच्या आत पूर्ण दडला तर दार काटकोनापर्यंतच उघडतं. दार त्यापुढे गेलं नाही तर आतले ड्रॉवर बाहेर सरकत नाहीत, दाराच्या आतल्या कप्प्याला अडतात. आमचा फ्रिज कसाबसा आत घुसला, आणि भाजीचा ड्रॉवर अर्ध्यावर अडला.

त्यावर कंत्राटदाराचं म्हणणं: कंपनीने माप चुकीचं दिलं, पॅनल कापून ‘मॉडिफिकेशन’ करावं लागेल, अठरा हजार. त्याला आम्ही मॅन्युअल आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं, दोन निळ्या टिकांसह. तेव्हा मला हा विसराळूपणा वाटला. पुढे आमच्याच भागातल्या आणखी एका घराशी बोलणं झालं. तिथेही फ्रिज मोठा, तिथेही जागा नेमकी फ्रिजएवढीच, तिथेही मॉडिफिकेशन. दोन्ही ठिकाणी एकच चूक, आणि दोन्ही ठिकाणी ती दुरुस्त करायचे पैसे गिऱ्हाइकाचे. याला मी विसराळूपणा म्हणायला तयार नाही.

अठरा हजार दिले नाहीत. आमच्या गल्लीत एक वयस्कर मेस्त, म्हणजे सुतार, आहेत, देवळाची दारं करणारे, त्यांना बोलावलं. त्यांनी एका बाजूचं पॅनल सोडवलं, करवत लावली, आणि कापलेल्या कडेकडे बघून थांबले. "बाई, मरीन कोणी सांगितलं तुम्हांला?" मरीन प्लायमधला डिंक फिनॉलचा, त्यामुळे थरांमधल्या रेषा गडद तपकिरी दिसतात. आमच्या तुकड्यात रेषा फिकट होत्या आणि मधल्या थरांत बोट जाईल अशा फटी. वरून दोन्ही बाजूंना लॅमिनेट, कडेला पट्टी, त्यामुळे न कापता हे दिसण्याची शक्यताच नव्हती.

मेस्तांनी सांगितल्याप्रमाणे एक छोटा तुकडा टाकाऊ पातेल्यात उकळत ठेवला. आयएस ७१० हे मरीन प्लायचं भारतीय मानक. त्यात प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे अशी अट आहे. आमचा तुकडा तासाभरात पिकल्या फणसासारखा उकलला. म्हणजे साधा कमर्शियल प्लाय, युरियाच्या डिंकाचा. तो वाईट नसतो, बेडरूमच्या कपाटाला चालतो. पण गोव्याच्या पावसाळ्यात, सिंकखाली? पहिल्या चार महिन्यांत फुगणार.

मग त्याने आम्हाला दाखवलेल्या प्लायवरचा शिक्का? तो खरा होता. काम सुरू करताना त्याने एक अख्खा शीट घरी आणून त्यावरची आयएसआय खूण, ७१० हा आकडा, सगळं दाखवलं होतं, फोटोही काढू दिला. तो शीट परत गेला. कपाटं वर्कशॉपमधून तयार होऊन, लॅमिनेट चढवूनच आली. तुमच्याकडे असं कुणी करत असेल तर दोन गोष्टी मागा. एक, शिक्क्यातला सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की परवाना कोणाचा, कशाचा, चालू आहे की नाही ते कळतं. दोन, लॅमिनेट चढवण्याआधी वर्कशॉपमध्ये जाऊन कापलेले तुकडे बघायची मुभा, आणि उरलेले तुकडे घरी. ज्याला लपवायचं नाही तो याला नाही म्हणत नाही. आमच्याने "वर्कशॉप मालकाचं, बाहेरच्यांना परवानगी नाही" असं सांगितलं होतं.

बिलाचीही गंमत. सुरुवातीला तो म्हणाला होता, रोख द्या, अठरा टक्के जीएसटी वाचेल. आम्ही बँकेतूनच दिले आणि पक्कं बिल मागितलं. खूप तगाद्यानंतर आलेल्या बिलावरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता. गोव्याचा कोड ३०, २७ महाराष्ट्राचा. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून कुणालाही शोधता येतं, लॉगिन लागत नाही. तिथे भलत्याच नावाची फर्म निघाली आणि नोंदणी रद्द झालेली. हा शोध आगाऊ रक्कम देण्याआधीही दोन मिनिटांत घेता येतो.

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथून त्याला निरोप गेला, त्याने दाद दिली नाही. मग वकिलाची नोटीस, आणि त्यानंतर ग्राहक आयोग. मला वाटत होतं उत्तर गोव्याच्या आयोगाकडे, पर्वरीला जावं लागेल, पण फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात, म्हणून आमचं मडगाव. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार करणारा राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, कंत्राटदार कुठलाही असो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत मात्र दोन वर्षांची. आणि एक, जे मेस्तांमुळे वाचलं: सगळे तुकडे उकळू नका. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवतो, त्यासाठी न उकळलेला तुकडा लागतो. घरच्या पातेल्यातला पुरावा आपल्या समाधानापुरता.

नोटीस पोचल्यावर महाशयांचा फोन आला, पहिल्यांदाच ‘वहिनी’च्या जागी ‘मॅडम’. रिकाम्या जागेचे पैसे परत करायला तयार झाले, कारण त्यांचंच ड्रॉइंग त्यांच्या विरोधात होतं. पैसे खात्यात आले, सोबत सहीसाठी एक कागद: कामाबद्दल आमची कसलीही तक्रार उरलेली नाही. त्यावर सही केली नाही. वेगळ्या कागदावर ३४,६५० रुपये मिळाल्याची पावती लिहून दिली, फक्त फ्रिजच्या जागेच्या मापापोटी, असं नमूद करून. प्लायची आणि वायरिंगची तक्रार मडगावात चालू आहे.