सीथ्रीआर: उजव्याला ३० मिनिटं, डाव्याला १०, आणि भांडण लेन्सवरून

गेल्या आठवड्यात फोंडा घाट उतरताना एसटीत बसून हा रिव्ह्यू मनातल्या मनात लिहून काढला होता. त्यात नुसत्या शिव्या होत्या. आज चार दिवसांनी खरोखर लिहायला बसलोय, तर शिव्यांची वाटणी बदलली आहे. थोड्या माझ्याही वाट्याला आल्यात.

केराटोकोनस दोन्ही डोळ्यांत, म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ होऊन टोकासारखा पुढे येत जातो. सीथ्रीआर म्हणजे औषध आणि अतिनील प्रकाशाने तो घट्ट करून आजार थांबवणं. उजव्याचं सीथ्रीआर होऊन १५ महिने झाले, डाव्याचं ८. उजवा जुन्या पद्धतीने, म्हणजे जर्मनीतल्या ड्रेस्डेनवाल्यांची मूळ रीत: ३ मिलीवॅटचा अतिनील प्रकाश, ३० मिनिटं. डाव्याची पाळी येईपर्यंत त्याच दवाखान्यात नवीन मशीन आलं होतं: ९ मिलीवॅट, १० मिनिटं. गुणाकार केलात तर दोन्हीकडे ५.४ ज्यूलच येतात. दरही तोच, एका डोळ्याला २५ हजार. वेळ एक तृतीयांश झालाय तर काही कमी होणार का, असं मी काउंटरवर विचारलं. ताई हसल्या. मी गंमत करत नव्हतो.

टेबलावर म्हणाल तर वाचलेल्या २० मिनिटांचं फार कौतुक नको. दोन्ही वेळा डोळा क्लिप लावून उघडा, दोन्ही वेळा कॉर्नियावरची पातळ साल खरवडणं, मग रायबोफ्लेविनचे पिवळे थेंब मुरेपर्यंत छताकडे बघत पडणं. दुखतं ते उजेडाने नाही, साल गेल्यामुळे. भूल उतरली की डोळ्यात वाळू आणि मिरचीपूड एकदमच. तीन दिवस काळोख करून बसलो, पाचव्या दिवशी जखमेवर पट्टीसारखी बसवलेली लेन्स काढली. आई दारातून म्हणाली, "सूर्याक बघू नको म्हणान आम्ही बोंबलतो, आणि ह्यो पैसे देवन डोळ्यात ऊन घालून इलो."

साल न काढता करा, असंही विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, सालीतून औषध नीट आत मुरत नाही, आणि २६ व्या वर्षी तुझा आजार ज्या वेगाने वाढतोय त्यात मी तो धोका घेणार नाही. पटलं.

३० की १०, यात माझं मत आधीच ठरलेलं होतं हे कबूल करतो. आम्ही देवगडचे, हापूस पेंढ्यात आढी लावून पिकवणारे. झटपट पिकवलेल्या मालावर आमचा विश्वास नसतो. आणि इथे त्याला थोडा आधारही आहे. कॉर्नियातले धागे एकमेकांत बांधले जायला प्रकाश आणि औषधाबरोबर ऑक्सिजन लागतो. प्रकाश जोरात असला की ऑक्सिजन भराभर संपतो, हवेतून तेवढ्या वेगाने आत येत नाही, त्यामुळे परिणाम सहसा जरा वरवरच राहतो. आजार थांबवायला तेवढा बहुतेकांना पुरतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. धूसरपणा मात्र दहावाल्यात लवकर गेला: उजवा अडीच महिने धुक्यात होता, डावा पाच आठवड्यांत निवळला.

आता भांडण. परवाच्या स्कॅनमध्ये उजव्याचा के-मॅक्स (कॉर्नियाचा सर्वात जास्त बाक, डायॉप्टरमध्ये मोजतात) ५२.४ वरून ५१.१ वर आलेला. डाव्याचा ४८.१ वरून ४९.३. एक डायॉप्टरच्या वर वाढ म्हणजे आजार सरकतोय, एवढं या आजारातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. माझं डोकं फिरलं. काउंटरवर आवाज चढवला. झटपट मशीन आणलंत, माझ्या डोळ्यावर शिकलात, पैसे पूर्ण घेतलेत, वगैरे. एसटीतला रिव्ह्यू तिथूनच सुरू झाला होता.

डॉक्टरांनी आत बोलावून एकच प्रश्न विचारला. "जूनमध्ये स्कॅन केला तेव्हा लेन्स कधी काढली होती?"

त्याच दिवशी सकाळी, कणकवली स्टँडवर.

मार्चपासून दोन्ही डोळ्यांत आरजीपी लेन्स होती, म्हणजे हवा आत जाऊ देणारी कडक लेन्स. दुकानदार तिला सेमीसॉफ्ट म्हणतो. सॉफ्टपणा मला अजून सापडलेला नाही. ही लेन्स कॉर्नियाचं टोक दाबून धरते. काढल्यावर मूळ आकार परत यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. म्हणजे जूनचा ४८.१ दाबलेला असणार. आणि परवा? डावी लेन्स जानेवारीत धुताना मोरीत गेली, नवीन घ्यायचे पैसे जिवावर आले म्हणून तीन आठवडे तो डोळा मोकळाच होता. माझ्या कंजूषपणामुळे आयुष्यात पहिल्यांदा डाव्याचा खरा आकडा आला.

इथवर मी नरमलो होतो. पण परतीच्या वाटेवर दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती डॉक्टरांनी सांगितली नव्हती. उजव्याचा ५२.४ हा लेन्स लागण्याआधीचा. परवाचा ५१.१ हा सकाळपर्यंत लेन्स घालून. म्हणजे ज्या उजव्याला, ज्या ३० मिनिटांना मी पाच स्टार देऊन बसलो होतो, त्याचंही कौतुक लेन्सनेच केलेलं असेल. एकाची फुकट बदनामी, दुसऱ्याची फुकट आरती.

राग कायम आहे तो एवढ्यावर. २५ हजारांची दोन बिलं, १,५०० चे स्कॅन, आणि हनुवटी टेकवायला सांगणाऱ्या माणसाने एकदाही विचारलं नाही की लेन्स कधी काढलीस. फाइलमध्ये सूचना आहे म्हणतात. आहे, मागच्या पानावर, इंग्रजीत, अकराव्या ओळीत. पुन्हा स्कॅन फुकट करा म्हटलं तर नाही म्हणाले. मधला सप्टेंबरचा स्कॅन असता तर इतका गोंधळ झाला नसता, पण तेव्हा घरी गणपती होते आणि मी गेलोच नाही. हे त्यांनी ऐकवलं, मी ऐकून घेतलं.

बाकी किरकोळ. नंबर उतरेल म्हणून कुणी करत असेल तर करू नका, हे थांबवण्याचं काम आहे. डोळे चोळणं बंद म्हणजे बंद. पेंढा हलवताना मी आता फवारणीचा गॉगल लावतो आणि गडी हसतात.

पुढचा स्कॅन मेमध्ये, ऐन सीझनला. त्याआधी तीन आठवडे दोन्ही लेन्स बंद, म्हणजे हापूसवरचा बारीक डाग मला दिसणार नाही. बाबांना सांगितलं. प्रतवारीवरून काढून त्यांनी मला पेट्या मोजायला लावलंय.