एकेक वर्ग वाढत होती तोवर शाळा झकास होती, यंदा एकदम दहावीपर्यंत उडी मारली (पालकाचा रिव्ह्यू)

शाळेचं नाव लिहत नाही कारण पोरगा अजून तिथंच तिसरीत आहे आणि गाव लहान आहे, उद्या गेटवर सगळेच भेटतात. यवतमाळ जिल्ह्यातली इंग्लिश मीडियमची स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजे सरकारी अनुदान नसलेली) शाळा, तालुक्याच्या रोडला. पोरगी 2017 मध्ये आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्यातल्या फुकट जागांच्या) लॉटरीत पहिलीला लागली आणि या दिवाळीपर्यंत तिथंच होती, म्हणजे साडेआठ वर्षं मी ही शाळा पाहून राहिलो, एका दिवसाच्या भांडणावरून लिहत नाही हे आधी सांगतो.

लहान वर्गांसाठी 4 स्टार देतो. देत होतो म्हणा. आठवीच्या वर 1, तो पण मोठ्या मॅडमसाठी.

आधी चांगलं सांगतो. आमची पोरगी शाळेची पहिली बॅच. ती पहिलीत गेली तेव्हा शाळा पहिलीपर्यंतच होती, मग दरवर्षी ती पुढं सरकली की शाळा पण एक वर्ग पुढं. ऑफिसात त्याला नैसर्गिक वाढ म्हणतात. दर मे महिन्यात मी जाऊन विचारायचो, मॅडम पुढचा वर्ग निघते ना? आणि मॅडम हसून म्हणायच्या, "तुमच्या पोरीसाठी तरी काढाच लागते ना भाऊ." पत्र्याच्या चार खोल्या अन एक हॉल, वर्गात बावीस-चोवीस पोट्टे. मोठ्या मॅडम सकाळी गेटवर उभ्या, कोणाचा डब्बा नाही, कोणाच्या घरी बिमारी आहे, कोणाचा बाप दवाखान्यात भरती आहे, सगळं तोंडपाठ. पाचवीत क्षेत्रफळ शिकवायचं होतं तर सरांनी पोट्ट्यांना दोरी घेऊन बाजूच्या वावरात नेलं, एकर म्हणजे काय, गुंठा म्हणजे काय ते पायानं मोजायला लावलं. पोरगी घरी आली अन त्याच दोरीनं आमच्या वावराचा धुरा मोजायला बसली, म्हणे बाबा शेजारच्या काकानं आपल्यात चार फूट नांगरलं आहे. खरं होतं ते. काकासोबत त्या वर्षी महिनाभर बोलणं बंद होतं, पण गणित पक्कं झालं.

कोरोनात तर मोबाईलला रेंज नाही, एकाच्या घरी फोन तर दुसऱ्याच्या घरी रिचार्ज नाही. तेव्हा हेच सर आठवड्यातून दोनदा गाडीवर यायचे, मारुतीच्या देवळाजवळ कडुनिंबाखाली पोट्टे दूर दूर बसवून पेपर द्यायचे अन जुने तपासून परत न्यायचे. पैसे तर तेव्हा कोणीच भरून नव्हतं राहिलं. हे मी विसरणार नाही.

आता यंदाचं, म्हणजे 2025 चं. विदर्भात शाळा 23 जूनला उघडल्या, गेलो सोडायला तर बोर्ड नवा, "नर्सरी ते दहावी". नैसर्गिक वाढीत यंदा नववी यायला पाहिजे होती, तर नववी अन दहावी दोन्ही एका दमात, वरून खालच्या वर्गांना बी अन सी सेक्शन. फ्लेक्सवर लिहिलेलं, जागा मर्यादित. मर्यादा कुठं होती ते मला अजून दिसली नाही, ऑगस्टपर्यंत ऍडमिशन चालूच होते. खोल्या मात्र वाढल्या दोन, त्या पण हॉलच्या मधात प्लायवूड ठोकून केलेल्या.

पोरगा त्यातल्याच एका खोलीत बसतो. मागच्या वर्षी वर्गात 31 होते, यंदा 57. आरटीई कायद्यात पहिली ते पाचवीला 30 पोरांमागं एक शिक्षक लिहिलेला आहे, अन इथं बी सेक्शनच्या मॅडम ऑगस्टमध्ये सोडून गेल्यापासून दोन्ही सेक्शन एकाच मॅडमच्या गळ्यात. प्लायवूडच्या त्या अंगाला दुसरी बसते, त्यांचे टेबल्स सुरू झाले की या अंगाची तिसरी पण आपोआप म्हणून राहते, पोरगा सांगते पप्पा आमचा ईव्हीएसच्या तासाला सेव्हनचा पाढा होतो. बेंचवर तिघं बसायचे तिथं चौघं, चौथा अर्धा बेंचवर अन अर्धा हवेत.

माझ्या डोक्यात खरी गोष्ट बाटलीनं घातली. पोरगा सकाळी पाण्याची बाटली भरून नेतो अन सांजच्याला तेवढीच भरलेली परत आणतो. आधी वाटलं विसरते. मग बायकोनं खोदून विचारलं तर म्हणाला पाणी पिलं की सूला लागते अन तिथं लाईन राहते, सुट्टी संपून जाते, मग मॅडम वर्गात घेत नाही. मुतारी पहिलेपासून जेवढी होती तेवढीच आहे, पोट्टे दुप्पट झाले. ऑक्टोबरच्या उन्हात आठ वर्षाचं लेकरू दिवसभर पाणी न पिता बसते. मीटिंगमध्ये मी हे बोललो तर सचिव म्हणाले नवीन ब्लॉकचं काम दिवाळीनंतर काढतो. दिवाळी झाली. विटा येऊन पडल्या आहेत, एवढं खरं.

बस दोनच, त्या आता तीन तीन फेऱ्या मारतात. सरकारचा 2024 चा आदेश आहे का चौथीपर्यंतच्या शाळा 9 च्या आधी भरवू नका, लेकरांची झोप झाली पाहिजे. शाळा बरोबर 9 लाच भरते, काही चूक काढता येत नाही, फक्त आमच्या फाट्यावर बस 7:05 ला येते. मग तो जवळपास दोन तास कुठं असते? अर्धा बसमध्ये, अर्धा शाळेच्या ग्राउंडवर. थंडीत काय होईल ते पाहू.

शिक्षकांचं पण सांगायलाच पाहिजे. ते दोरीवाले सर 2024 च्या सरकारी शिक्षक भरतीत पवित्र पोर्टलवरून झेडपीत लागले. चांगलंच झालं त्यांचं, इथं जो पगार भेटत होता तो लिहायला मला लाज वाटते. पण त्यांच्या जागी गणिताला आतापर्यंत तिघं येऊन गेले, तिसरे तर पोळ्याला घरी गेले ते आलेच नाही. वर्ग वाढवायला बोर्ड रंगवला की झालं, पण नववीचं गणित शिकवणारा माणूस या गावात आणायचा कुठून याचा विचार उन्हाळ्यातच करायला पाहिजे होता ना.

शाळेची बाजू पण समजते मला, उगाच एकांगी लिहणार नाही. आरटीईच्या एका पोराचे सरकार 17,670 रुपये देते अन ते पण वर्षानुवर्षं थकतात, दोनशे-सव्वादोनशे पोरांवर दोन बस, शिक्षक, भाडं हे निघत नाही. अन दहावीपर्यंत करा म्हणून आम्ही पालकांनीच डोकं खाल्लं होतं, मागच्या फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये "दहावी पाहिजे" म्हणून हात वर करणाऱ्यांत मी पण होतो. आठवीनंतर पोरीला तालुक्याला पाठवायला जीव होत नव्हता. तर माझी पण चूक आहे, फक्त हात वर करताना कागद विचारायचा राहिला.

त्या कागदाचीच आता गोष्ट. गणपतीच्या आसपास पोरीच्या दप्तरात अपार आयडीचा (सरकार प्रत्येक विद्यार्थ्याला देते तो नंबर) संमतीचा फॉर्म आला, बापाची सही पाहिजे. सही करता करता खाली शिक्का पाहिला तर शाळेचं नाव दुसरंच. इथून 14 किमी वरच्या गावातली दुसऱ्या संस्थेची शाळा, जिथं माझ्या पोरीनं कधी पाय ठेवला नाही. मी म्हटलं चुकून दुसऱ्याचा फॉर्म आला असेल, गेलो ऑफिसात. बाबू म्हणे, "नाही भाऊ, तुमचाच आहे. नववी-दहावीचे पोट्टे सध्या तिकडच्या पटावर दाखवले. प्रस्ताव मंत्रालयात आहे, आला का इकडे घेऊन घेऊ. टेन्शन काहून घेता?"

टेन्शन काहून घेतो ते सांगतो. मी मग चार लोकांना विचारलं, एक रिटायर्ड हेडमास्तर आहेत ओळखीचे, त्यांनी नीट समजावलं. आठवीपर्यंतची मान्यता वेगळी अन नववी-दहावी वेगळी, 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यात त्याला दर्जावाढ म्हणतात अन त्याची परवानगी शासनाकडून यावी लागते. ती आली की मग बोर्डाची मान्यता, आपल्याकडे अमरावती विभाग, मग शाळेला स्वतःचा सांकेतांक, म्हणजे बोर्डाचा नंबर. तो नसला तर दहावीचा फॉर्म दुसऱ्याच शाळेतून भरायचा. अन दहावीत 80 चा पेपर राहते तर 20 मार्क शाळेच्या हातात राहतात, तोंडी, प्रात्यक्षिक, ते सगळं. ते 20 मार्क माझ्या पोरीला कोण देणार? ज्यानं तिचं तोंड पाहिलं नाही तो? हेडमास्तर काका म्हणाले असं लय ठिकाणी चालते, बहुतेक वेळा निभून पण जाते. बहुतेक वेळा.

फीचा झटका त्याच्या आधीच बसला होता. आरटीईची 25 टक्क्यांतली ऍडमिशन आठवीपर्यंतच फुकट, नववीपासून पूर्ण फी. कायद्यात तसंच आहे, शाळेनं काही फसवलं नाही, पण आठ वर्षांत एकदाही कोणी बसवून सांगितलं नाही. जूनमध्ये बाबूनं कागद हातात दिला, फी 22,000, बसचे 9,500 वेगळे, पहिला हप्ता पंधरा दिवसांत. जूनमध्ये आमच्याकडं बियाणं अन खताला पैसे नसतात, कापूस घरी येते दिवाळीला, अन ही फी मागतात पेरणीत. शाळा कोणत्या गावात काढली ते तरी पाहायचं.

अजून एक, जे मला सगळ्यात जास्त लागलं. एनएमएमएस म्हणून परीक्षा असते आठवीत, पास होऊन मेरिटमध्ये आलं की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये स्कॉलरशिप. आमच्या घराच्या मागचं पोरगं, झेडपीच्या शाळेतलं, लागलं त्यात. त्याची आई साखर घेऊन आली अन म्हणाली, "भाऊजी, आपल्या ताईनं नाही का भरला फॉर्म? ते तर याच्याहून हुशार आहे." मग कळलं, ती सरकारी, झेडपी-नगरपालिकेच्या अन अनुदानित शाळेच्या पोरांसाठीच आहे, विनाअनुदानितवाल्यांना बसताच येत नाही. म्हणजे इंग्लिश मीडियम इंग्लिश मीडियम करता करता आपण काय सोडलं याचा हिशोब कोणी लावून देत नाही, आपल्यालाच लावा लागते.

तर दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं, पोरीला काढायची. टीसी मागायला गेलो तर बाबू म्हणे टीसी आमच्याकडून नाही भेटणार, ज्या पटावर नाव आहे तिथून आणा. साडेआठ वर्षं जिथं शिकली तिथं टीसी नाही. गेलो मग 14 किमी गाडीवर, तिथल्या हेडमास्तरांना मी कोण ते पण माहीत नव्हतं. रजिस्टर काढलं, त्यात पोरीच्या नावासमोर जून ते ऑक्टोबर सगळी हजेरी भरलेली, एकही सुट्टी नाही. महालक्ष्मीत तर ती तीन दिवस मामाच्या घरी होती. मी काही बोललो नाही, टीसी घेतली अन निघालो.

मोठ्या मॅडमना भेटायला परत शाळेत गेलो होतो. त्या आता गेटवर उभ्या नसतात, ऑफिसात कागदं करत बसतात. म्हणाल्या, "मला एकच वर्ग वाढवायचा होता भाऊ, यावर्षी नववी, पुढच्या वर्षी दहावी. ऐकलं नाही कोणी." पोरीला पेन दिला. त्यांचा तो एक स्टार.

कोणी या भागात शाळा शोधत असाल तर माझं मत असं, नर्सरी ते चौथीला अजूनही घाला, पण ऍडमिशनच्या आधी वर्गात जाऊन स्वतः पोट्टे मोजा अन मुतारीकडं एक चक्कर मारा, ऑफिसातल्या सोफ्यावर बसून ठरवू नका. पाचवी ते आठवी, गणिताचे सर टिकले तर ठीक. नववी-दहावीला दर्जावाढीचं परवानगी पत्र डोळ्यानं पाहा, प्रस्तावाची झेरॉक्स दाखवतील, ते पत्र नव्हे. आरटीईवाल्यांनी आठवीच्या आधीच्या वर्षीच नववीची तजवीज करून ठेवा. अन फी वाढली तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत ती मंजूर झाली का ते विचारा. आमच्या शाळेत त्या समितीत मी मेंबर आहे हे मला यावर्षी सप्टेंबरमध्ये कळलं.

पोरगी आता तालुक्याच्या अनुदानित शाळेत जाते, फी काही नाही, मानव विकासची पोरींसाठीची निळी सरकारी बस फाट्यावर येते, तिचं भाडं पण नाही. वर्गात तिथं पण साठ आहेत, खोटं कशाला बोलू. गणिताचे सर मात्र एकोणीस वर्षांपासून एकच आहेत. पोराचं मार्चपर्यंत पाहतो, तोवर विटांचं काही झालं तर ठीक. सध्या बायको त्याला घरून निघताना दोन ग्लास पाणी पाजते अन फाट्यापर्यंत सोबत जाते.