ऐरोलीत कंपनीचा माणूस म्हणून आला आणि आईबाबांना फसवून गेला

माझे आईबाबा ऐरोलीला राहतात, सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये. टॉप लोड वॉशिंग मशीन आहे, त्याचा ड्रेन पाइप बाथरूमच्या नहाणी ट्रॅपपर्यंत पुरत नाही म्हणून पुढे एक जादा पाइप जोडलेला, तो जॉइंट गळायला लागला. मशीन पाणी सोडायला लागलं की मागे सगळं ओलं, बाकी वेळ फरशी कोरडी. एवढंच झालं होतं.

बाबांनी मोबाईलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरवर फोन केला. समोरच्या बाईने कंपनीचंच नाव घेतलं, कम्प्लेंट नंबर दिला, त्याच दिवशी माणूस पाठवला, टी-शर्टवर कंपनीचा लोगो. कोण संशय घेणार सांगा? बाबांची यात काडीची चूक नाही.

त्याने पाइपकडे बघितलंसुद्धा नाही. थेट मशीन खोललं आणि म्हणाला ड्रेन मोटर गेलीय, पाणी पीसीबीवर, म्हणजे मशीनच्या सर्किट बोर्डवर उडालंय, अशीच चालवलीत तर शॉक लागेल. शॉक म्हटल्यावर आई घाबरली, कारण माझी मुलगी दुपारी तिथेच असते. मग आईला चहा करायला आणि बाबांना मेन स्विच बंद करायला पाठवलं आणि तेवढ्यात म्हणे मोटर बदलली. ४,८०० रुपये यूपीआयने घेतले, बिल म्हणून हाताने लिहिलेला कागद, त्यावर ना पत्ता ना जीएसटी नंबर, आणि पैसे गेले ते कुठल्यातरी भलत्याच माणसाच्या नावावर. जुना पार्ट मागितला तर कंपनीत जमा करावा लागतो म्हणाला.

पुढच्या धुण्याला परत पाणी.

मग मी वॉरंटी कार्डवरच्या नंबरवर फोन केला तर अशी कम्प्लेंट त्यांच्याकडे नोंदवलेलीच नाही. आमच्या ओळखीच्या प्लंबरकाकांनी मशीन आडवं करून दाखवलं, मोटर तीच जुनी, स्क्रूवरचा गंज तसाच, स्क्रूड्रायव्हर लागल्याची खूणही नाही. हार्डवेअरच्या दुकानातून होज क्लिप आणली, जादा पाइपचं चिरलेलं टोक कापून परत आवळलं, गळती बंद. सगळ्याचे मिळून शंभर रुपयेही लागले नाहीत.

हे नीट लक्षात ठेवा, कारण तो माणूस इथेच खोटा पडतो. टॉप लोडमध्ये ड्रेन मोटर व्हॉल्व्ह उघडते. ती गेली तर पाणी टबातच अडकतं, व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पाणी भरता भरताच निघून जातं. आमचं पाणी नीट भरत होतं आणि नीट निघतही होतं, फक्त जॉइंटला गळत होतं, म्हणजे मोटरचा संबंधच नव्हता. त्यामुळे कोणाला बोलवायच्या आधी पाणी कधी गळतं ते बघा. भरताना गळत असेल तर नळाकडचा इनलेट पाइप, सोडताना गळत असेल तर ड्रेन पाइप आणि त्याची क्लिप. फ्रंट लोडला पुढे खाली फिल्टरचं झाकण असतं, ते सैल असलं तरी पाणी येतं. बघताना प्लग मात्र काढा. आणि नंबर घ्यायचा तो वॉरंटी कार्डवरूनच, जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आईवडील एकटे असतील तर शेजारच्या कोणाला तरी बोलावून घ्या.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फीसुद्धा नाही, पण तिथे समोरच्याचा पत्ता द्यावा लागतो आणि ह्या लोकांना पत्ताच नसतो, राग त्याचाच येतो.

आम्ही १९३० ला तक्रार नोंदवलीय, पैसे अजून आलेले नाहीत. काल माझ्या भावाने दुसऱ्या फोनवरून त्याच नंबरला लावलं आणि फ्रिज बिघडलाय म्हणाला, तर त्याच बाईने दुसऱ्याच कंपनीचं नाव सांगून कम्प्लेंट लिहून घेतली.