एसक्यूलाइट की पोस्टग्रेस : नव्या प्रकल्पासाठी डेटाबेस निवडताना

नवे अॅप्लिकेशन लिहायला घेतले की डेटाबेस कोणता वापरायचा हा निर्णय फार लवकर घ्यावा लागतो आणि तो पुढे बदलणे महागात पडते. मुक्तस्रोत डेटाबेसांमध्ये माझ्यापुढे हा प्रश्न बहुतेक वेळा एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस या दोघांपुरताच उरतो. दोन्ही मी वर्षानुवर्षे वापरत आलो आहे आणि दोन्हींच्या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच ‘मोठ्या कामाला पोस्टग्रेस, छोट्या कामाला एसक्यूलाइट’ हे सरसकट दिले जाणारे उत्तर मला पटत नाही. एसक्यूलाइटच्या एका फाइलची कमाल मर्यादा सुमारे २८१ टेराबाइट आहे. डेटाच्या आकारमानामुळे ती अपुरी पडेल असे प्रकल्प विरळाच. विचारायला हवे ते असे, की एकाच वेळी लिहिणारे किती आहेत, ते एकाच यंत्रावर आहेत की अनेक, आणि डेटाबेसची रोजची देखभाल करणारे माणूस आपल्याकडे आहे का.

या दोघांचे स्वभाव इतके वेगळे का, हे त्यांच्या जन्मकथेतून कळते. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेस सर्व्हर बंद असला की त्यांचा प्रोग्रॅमही अडून बसे. मधला सर्व्हरच काढून टाकून प्रोग्रॅमने थेट डिस्कवरच्या फाइलशी बोलावे, या विचारातून २००० साली एसक्यूलाइट आकाराला आले. पोस्टग्रेसची सुरुवात १९८६ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या संशोधन प्रकल्पातून झाली. १९९४ साली त्यात एसक्यूएलची (डेटाबेसशी बोलण्याच्या भाषेची) भर पडली आणि १९९६ साली त्याला पोस्टग्रेएसक्यूएल हे आजचे नाव मिळाले. पहिला डेटाबेस आपल्या प्रोग्रॅमच्या पोटात राहणारी लायब्ररी आहे, तर दुसरा पोर्ट उघडून बसलेला, युजर, पासवर्ड आणि परवानग्या सांभाळणारा स्वतंत्र सर्व्हर आहे. पुढचे जवळजवळ सगळे फरक यातूनच निघतात.

सर्वांत आधी लिहिण्याचा प्रश्न घेऊ, कारण निर्णय बहुधा इथेच लागतो. एसक्यूलाइटमध्ये एका फाइलवर एका वेळी एकच जण लिहू शकतो. २०१० साली आलेल्या वॉल (राइट-अहेड लॉग, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याच्या) पद्धतीमुळे एक जण लिहीत असताना इतरांना वाचता येते, पण लिहिणारा तरीही एकच. प्रत्येक लेखन काही मिलिसेकंदांत आटोपत असेल तर ही रांग कोणाला जाणवतही नाही, त्यामुळे एका सर्व्हरवरचे बऱ्यापैकी वर्दळीचे संकेतस्थळसुद्धा त्यावर सुरळीत चालते. अडचण येते ती आपण लॉक (इतरांचे लेखन रोखणारे कुलूप) धरून बसलो तर. माझ्याच एका प्रकल्पात ऑर्डर नोंदवणाऱ्या फंक्शनमध्ये मी ट्रान्झॅक्शन (एकतर सगळे पूर्ण होतात किंवा एकही होत नाही असा बदलांचा गट) सुरू करून पहिली नोंद टाकत होतो, मग दुसऱ्या एका सेवेला विनंती पाठवून तिच्या उत्तराची वाट पाहत होतो, आणि त्यानंतर दुसरी नोंद टाकून ट्रान्झॅक्शन पूर्ण करत होतो. उत्तराला दोन-तीन सेकंद लागले की तेवढा वेळ बाकी सगळ्यांचे लेखन अडत असे आणि लॉगमध्ये ‘डेटाबेस इज लॉक्ड’ या संदेशाच्या ओळीमागून ओळी येत. बाहेरची विनंती ट्रान्झॅक्शनच्या आधी हलवली, बिझी टाइमआउट, म्हणजे लॉक सुटण्याची वाट पाहण्याची मुदत, पाच सेकंदांचा केला (मुळात तो शून्य असतो, म्हणजे लॉक दिसताच एसक्यूलाइट थेट नकार देते) आणि लेखनाची ट्रान्झॅक्शन ‘बिगिन इमिजिएट’ने, म्हणजे लेखनाचा लॉक सुरुवातीलाच घेऊन, सुरू केली, तेव्हा तक्रार थांबली. यातली तिसरी दुरुस्ती अनेकांकडून राहून जाते. वाचनाने सुरू झालेले ट्रान्झॅक्शन मध्येच लेखनाकडे वळले आणि दरम्यान दुसऱ्या कोणी लिहून गेले असेल, तर टाइमआउट कितीही मोठा ठेवला तरी वॉल पद्धतीत त्याला ताबडतोब नकार मिळतो.

पोस्टग्रेसमध्ये ही रांग नाही. तिथे एका नोंदीच्या अनेक आवृत्त्या एकाच वेळी नांदतात, त्यामुळे वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि दोन लिहिणारे एकाच नोंदीवर आले तरच एकमेकांसाठी थांबतात. याची किंमत देखभालीत मोजावी लागते. जुन्या आवृत्त्या व्हॅक्यूमने झाडून काढाव्या लागतात. ते काम ऑटोव्हॅक्यूम आपोआप करते खरे, पण कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून विसरले की त्यानंतर निरुपयोगी झालेल्या आवृत्त्या तशाच साचत जातात आणि टेबल फुगत राहते. शिवाय प्रत्येक कनेक्शनसाठी पोस्टग्रेस वेगळी प्रोसेस चालवते. कनेक्शनांची मूळ मर्यादा १०० असते, त्यामुळे अॅप्लिकेशनच्या प्रती वाढू लागल्या की मध्ये पीजीबाउन्सरसारखा पूलर (थोडी कनेक्शने अनेकांत वाटून देणारा प्रोग्रॅम) बसवावा लागतो. हे सगळे शिकण्यासारखे आहे आणि शिकता येते, पण ज्या प्रकल्पात एकच विकसक आठवड्यातून काही तास देऊ शकतो, तिथे हा भार विनाकारण घेऊ नये असे मला ठामपणे वाटते.

अॅप्लिकेशन दोन किंवा अधिक सर्व्हरांवर चालणार असेल तर मात्र फार विचार करण्याची गरज नाही, पोस्टग्रेस घ्यावे. एसक्यूलाइटची फाइल नेटवर्कवरच्या सामाईक ड्राइव्हवर ठेवून दोन यंत्रांनी वापरणे धोक्याचे आहे, कारण अशा ड्राइव्हवरचे लॉक भरवशाचे नसतात, आणि वॉल पद्धत तर तिथे चालतच नाही. तसेच प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर डिस्क कोरी करणाऱ्या कंटेनर व्यवस्थेत ही फाइल कायमस्वरूपी व्हॉल्यूमवर नसेल, तर पुढच्या डिप्लॉयमेंटला ती नाहीशी होईल.

वेगाबाबत उलट चित्र दिसते. एसक्यूलाइटमधली क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) म्हणजे एक फंक्शन कॉल असतो, मध्ये नेटवर्क नसते. एका पानासाठी २०० छोट्या क्वेरी चालवल्या आणि पोस्टग्रेसच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास प्रत्येक वेळी एक मिलिसेकंद लागला, तर निव्वळ प्रवासातच २०० मिलिसेकंद जातात. तीच कामे एसक्यूलाइटमध्ये सुटसुटीत छोट्या क्वेरींनी लिहिली तरी चालतात. गुंतागुंतीच्या अहवालांमध्ये, अनेक मोठ्या टेबलांच्या जोडणीत मात्र पोस्टग्रेसचा क्वेरी प्लॅनर (क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची ते ठरवणारा भाग) अधिक समर्थ आहे आणि एक क्वेरी अनेक प्रोसेसमध्ये वाटून चालवण्याची त्याची क्षमता तिथे कामी येते.

डेटाच्या शिस्तीत मी पोस्टग्रेसला स्पष्टपणे झुकते माप देतो. एसक्यूलाइट मुळात पूर्णांकाच्या कॉलममध्ये अक्षरेही मुकाट्याने ठेवून घेते, फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या खऱ्या नोंदीकडेच बोट दाखवते, हा नियम) प्रत्येक कनेक्शनवर चालू केल्याशिवाय तपासत नाही, आणि तारीख हा स्वतंत्र प्रकार त्यात नाहीच. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ‘स्ट्रिक्ट’ टेबलांनी पहिली उणीव बरीचशी भरून काढली आहे, म्हणून नवे टेबल मी नेहमी त्याच प्रकारचे करतो. पोस्टग्रेस चुकीचे मूल्य दारातच नाकारते. एकाच खोलीच्या दोन आरक्षणांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत, असा नियमसुद्धा त्यात थेट टेबलावर लिहिता येतो. एसक्यूलाइटमध्ये त्यासाठी ट्रिगर (नोंद बदलताच डेटाबेसमध्ये आपोआप चालणारा कोड) किंवा अॅप्लिकेशनचा कोड लागतो. स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, बदलतानाही एसक्यूलाइटची ओढाताण होते. कॉलम काढण्याची सोय त्यात २०२१ साली आली आणि कॉलमचा प्रकार बदलायचा तर आजही बहुधा नवे टेबल करून डेटा त्यात ओतावा लागतो.

बॅकअपबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘एकच तर फाइल आहे, कॉपी केली की झाले’ हा समज मी स्वतः बाळगून होतो. आमची रात्रीची स्क्रिप्ट चालू डेटाबेसची फाइल साध्या कॉपीने दुसरीकडे नेत असे. एकदा ती प्रत उघडून पाहिली तेव्हा त्या संध्याकाळच्या शेवटच्या काही नोंदी तिच्यात नव्हत्या. वॉल पद्धतीत ताज्या नोंदी आधी शेजारच्या ‘डॅश वॉल’ फाइलमध्ये जातात आणि नंतर मुख्य फाइलमध्ये उतरतात. आमची स्क्रिप्ट फक्त मुख्य फाइल उचलत होती. लेखन चालू असताना अशी कॉपी केली तर प्रत बिघडूही शकते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप आज्ञा किंवा ‘व्हॅक्यूम इन्टू’ वापरली की सुसंगत प्रत मिळते. पोस्टग्रेसमध्ये डेटाची प्रत बाहेर काढणारे पीजी डम्प आहेच, आणि बदलांच्या लॉगचे संग्रहण लावले तर चुकीची डिलीट आज्ञा चालण्याच्या आदल्या क्षणापर्यंतही परत जाता येते. ज्या डेटाचा एक तास गमावणेही परवडणार नाही, तिथे ही एक सोय पोस्टग्रेस निवडायला पुरेशी आहे.

दीर्घकाळ टिकण्यात मात्र एसक्यूलाइटला तोड नाही. २००४ साली ठरलेले त्याचे फाइल स्वरूप आजही वाचता येते आणि २०५० पर्यंत ते सांभाळण्याचा विकसकांचा संकल्प आहे. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी येते, तिला पाच वर्षे आधार मिळतो, आणि आवृत्ती बदलताना डेटाही पीजी अपग्रेडने किंवा डम्पमार्गे नव्या स्वरूपात न्यावा लागतो. परवान्याच्या बाजूने दोन्ही निर्धोक आहेत : एसक्यूलाइट सार्वजनिक मालकीचे आहे आणि पोस्टग्रेसचा परवाना बीएसडीच्या धर्तीचा, अत्यंत मोकळा आहे. सुधारणा लिहून द्यायची ज्यांची इच्छा असेल त्यांनी एवढे जाणून असावे, की एसक्यूलाइटचा छोटा गट बाहेरून आलेला कोड सहसा स्वीकारत नाही, तर पोस्टग्रेस घडते तेच जगभरच्या योगदानकर्त्यांच्या हातून.

तर मोबाइल किंवा डेस्कटॉप अॅप, एखादे उपकरण, एका सर्व्हरवरचे अंतर्गत साधन, या कामांसाठी मी निःशंकपणे एसक्यूलाइट घेतो. अनेक सर्व्हर, अनेक गट, पैशांचे हिशेब आणि गुंतागुंतीचे अहवाल आले की पोस्टग्रेस. विकासाच्या वेळी एक आणि प्रत्यक्ष वापरात दुसरा, अशी सरमिसळ करू नये. एसक्यूलाइटमध्ये मजकूर शोधणारे ‘लाइक’ इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, पोस्टग्रेसमध्ये करते. एवढ्याशा फरकानेही सर्व चाचण्या उत्तीर्ण झालेला शोध वापरकर्त्यांपुढे रिकामा निकाल दाखवतो.

अजूनही निर्णय होत नसेल आणि प्रकल्प आज एका यंत्रावर मावत असेल, तर एसक्यूलाइटने सुरुवात करावी, पण पुढचे स्थलांतर डोळ्यांपुढे ठेवून : टेबले स्ट्रिक्ट असावीत, फॉरेन की पहिल्या दिवसापासून चालू असाव्यात, रकमा सर्वांत लहान एककात पूर्णांक म्हणून ठेवाव्यात, आणि तारीख-वेळ नेहमी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने, शेवटी यूटीसीची खूण जोडून लिहावी, म्हणजे पोस्टग्रेसचा वेळेचा कॉलम ते मूल्य एकही ओळ न बदलता स्वीकारतो.