आयपीएल: टीव्हीवर की मोबाइलवर?

आतेभाऊ विचारतोय, यंदा डिशचा रिचार्ज करू की नुसत्या मोबाइलवर भागवू? 2022 च्या लिलावात बोर्डाने टीव्ही आणि डिजिटलचे हक्क वेगवेगळे विकले, तेव्हापासून हा प्रश्न घरोघरी आहे.

खर्च. टीव्हीचा रिचार्ज घरातल्या सगळ्यांचा मिळून एकच. मोबाइलवर मात्र सामना साडेतीन-चार तास चालतो आणि रोजचा दीड जीबी डेटा चांगल्या चित्रात त्याआधीच संपतो. घरी वायफाय असेल तर हा मुद्दा बाद.

वेळेचा फरक मला सर्वांत खुपतो. मोबाइलवरचं प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं. शेवटचं षटक, सहा चेंडूंत अकरा हवेत, बुमराह रनअपच्या टोकाला उभा आणि शेजारच्या घरातून ‘आउट!’ अशी आरोळी. संपला सामना!

भाषेत मोबाइलने मन जिंकलं. 2023 मध्ये तिथे मराठी समालोचन होतं. आपला केदार जाधव समालोचन करत होता आणि त्याच मोसमात बंगळुरूने त्याला थेट खेळायलाच बोलावलं! आपल्या बोलीत ‘काय मारलाय!’ ऐकण्याचं सुख वेगळंच.

चित्र, आवाज यात टीव्ही पुढे, त्यात वाद नाही.

घरात आई-वडील, पोरंबाळं एकत्र बघत असाल तर रिचार्ज कराच. हॉस्टेलवर किंवा एकटे राहत असाल, लोकलमध्ये दुसरा डाव गाठायचा असेल तर मोबाइल पुरे. आतेभावाकडे आत्या आहे, तिला धोनी मोठ्या पडद्यावरच हवा. त्याने डिशच भरावी.